बेंबीचं कोटेशन

निवृत्ती हे नाव ज्यांनी ठेवलं, त्यांनी पोराच्या तोंडाकडं बघूनच ठेवलं असावं. वय सदतीस, नोकरीची वीस-बावीस वर्षं अजून शिल्लक, पण डोळ्यांत भाव सकाळचा चहा पिऊन पुन्हा आडवं होणाऱ्या माणसाचा. तळेगावच्या एका रबराच्या कारखान्यात तो परचेस खात्यात होता. फोनवर पलीकडचा माणूस वॉशरचा भाव सांगत असायचा आणि निवृत्ती खिडकीतून डोंगरावर उतरलेल्या ढगाकडं बघत मनानं पार तिकोणा पेठेला, पवनेच्या काठावर उताणा पडलेला असायचा. डुलकी ही त्याची खरी कमाई. न्हाव्याच्या खुर्चीत, पंगतीत भात आणि वरण यांच्या मधल्या वेळात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरावाच्या बाजूनं हात वर करून, असा तो कुठंही झोपलेला आहे. राहायला घोरावाडी स्टेशनजवळ. त्यावरचा विनोद तुम्हाला सुचला असेल तर गप्प बसा, त्याला तो आजवर सगळ्यांनी ऐकवलेला आहे.

झोपाळू असला तरी कामात मात्र चोख. कंपनीचा नियम असा, की पाच हजारांच्या वरची कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची आणि एका कागदावर शेजारी शेजारी मांडायची. त्या कागदाला म्हणतात कंपॅरेटिव्ह. सगळ्यांत कमी भाववाला तो एल-वन. ऑर्डर एल-वनला. त्याला डावलून दुसऱ्याला दिली, तर शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. अकरा वर्षांत निवृत्तीवर त्या रकान्यात काही लिहायची वेळ आली नव्हती आणि याचा त्याला अभिमान होता. हळूहळू हा नियम घरातही शिरला. मिक्सर, पडदे, शाळेचे बूट, सगळं तीन दुकानं फिरून. लग्नाच्या वेळीही ह्यांनी तीनच मुली बघितल्या होत्या, असं त्याची बायको राजेश्वरी चारचौघांत सांगायची, आणि मी एल-वन होते का ते अजून कळलेलं नाही, असंही हसत हसत जोडायची.

त्यांची मुलगी समीक्षा, वय वर्षं सहा, इयत्ता पहिली. तिची बेंबी जन्मापासून जरा बाहेर होती. पोरगी हसली की बेंबीही पुढं येऊन हसायची आणि घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. पाच वर्षांपर्यंत आपोआप आत बसते, असं नेहमीचे डॉक्टर म्हणत आले होते. ती काही बसली नाही. गणपती उठल्यावर डॉक्टरांनी पुन्हा दाबून पाहिलं आणि चष्मा काढला.

"आता आपोआप जायची नाही. हर्निया आहे, पण लहानसं ऑपरेशन. झोपवून करतात. सकाळी न्यायचं, संध्याकाळी घरी. घाई नाही, पण लांबवू नका. कधी कडक झाली, दुखायला लागली, उलट्या झाल्या तर मात्र तिथल्या तिथं धावायचं. दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाका."

राजेश्वरीनं त्यातलं 'दिवाळीच्या सुट्टीत' ऐकलं. समीक्षानं 'झोपवून करतात' ऐकलं. आणि निवृत्तीनं फक्त 'धावायचं' तेवढं ऐकलं. त्या दिवसापासून त्याची झोप गेली. आंघोळीच्या वेळी, खेळून आल्यावर, जेवताना, दिवसातून दहा वेळा तो पोरीची बेंबी बोटानं दाबून मऊ आहे ना ते बघायचा. घरात गादीवर तळमळायचा, ऑफिसात टक्क जागा असायचा. साहेबांनी त्याला बोलावून तब्येत विचारली. आता, मला भीती वाटते असं सरळ म्हणायचं, तर परचेसच्या माणसाला तशी सवय नसते. म्हणून घरी येऊन तो राजेश्वरीला म्हणाला, "कोटेशनं मागवूया."

पहिलं कोटेशन न मागता आलं. खालच्या मजल्यावर भिमाजी भाऊ राहायचे. रेल्वेच्या फाटकावर हयात गेलेली. आता फाटक नव्हतं, म्हणून ते सोसायटीच्या गेटापाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारपूस केल्याशिवाय सोडत नसत.

"बेंबीचं व्हय?" भिमाजी भाऊ म्हणाले. "आमच्या केरबाकडं अशीच बेंबी व्हती. आठशे रुपयांत काम झालं. डॉक्टर सवता घरी आलता."

निवृत्तीनं पेन काढलं. "आठशेत? भूल धरून?"

"समदं धरून. दुसऱ्या दिवशी उड्या मारीत व्हतं."

"केवढा होता मुलगा?"

"मुलगा न्हाई वो. वासरू."

निवृत्तीला ते लागलं. चारचौघांत आपल्या पोरीची तुलना वासराशी व्हावी, हे काही बरं नाही. पण सवय वाईट. त्यानं कागदावर 'आठशे' लिहिलं, पुढं कंसात 'वासरू' लिहिलं आणि मगच त्यावर काट मारली.

दुसरं कोटेशन परंदवडीहून आलं. त्याची आई कस्तुराबाई दुपारच्या गाडीनं आली ती गेटापाशीच कमरेच्या पिशवीतून एक जुना, जाडजूड बंदा रुपया आणि धुतलेल्या लुगड्याची पट्टी काढतच. रुपया कापसात गुंडाळायचा, बेंबीवर ठेवायचा आणि वरनं पट्टी आवळायची, हा तिच्या सासूचा उपाय.

"ऑपरेशन कशापायी? तुजी बी अशीच व्हती," कस्तुराबाई म्हणाली. "ह्योच रुपया बांधला. आत बसली का न्हाई? दावू का भाऊंना?"

"दाखवू नकोस," निवृत्ती शर्ट घट्ट धरून म्हणाला. भिमाजी भाऊ खुर्ची सरकवून पुढं आलेच होते.

"आई, डॉक्टर म्हणतात नाण्यानं काही होत नाही. बसणारी असली तर तशीच बसते. उलट कातडी सोलवटते."

"डॉक्टरला काय, त्येला पैका पायजे. माजा एकच रुपया. त्यो बी काम झालं की परत."

इथं निवृत्तीची पंचाईत झाली. भाव एक रुपया, आणि वर परतीच्या बोलीनं. अकरा वर्षांत इतकं स्वस्त कोटेशन त्याच्या टेबलावर आलेलं नव्हतं. नियमानं बघायला गेलं तर आई एल-वन होती. तिला डावलायचं म्हणजे रकान्यात कारण आलं. शेवटी असं ठरलं, की रुपया पट्टीनं आवळायचा नाही, समीक्षानं नुसता जवळ ठेवायचा. पोरगी खूश झाली. तिनं तो दप्तराच्या चोरखिशात टाकला आणि शाळेत सगळ्यांना सांगून आली, की माझ्या बेंबीचा रुपया आहे.

मधल्यामध्ये विम्याचंही एक प्रकरण झालं. कंपनीचा विमा होता. फॉर्मवर प्रश्न होता, 'आजार केव्हापासून?' निवृत्ती सरळ माणूस, त्यानं लिहिलं, 'जन्मापासून'. चौथ्या दिवशी उत्तर आलं, की जन्मजात आजार विम्यात बसत नाहीत. फोन केला तर पलीकडची मुलगी कळवळून म्हणाली, "सर, जन्मापासून असं कोण लिहितं?" निवृत्ती म्हणाला, "अहो, पण बेंबी जन्मापासूनच असते." ती म्हणाली, "तुमचा मुद्दा बरोबर आहे सर, तो मी पुढं पाठवते." तो पुढं गेला तो गेलाच. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, पण तारीख मिळत होती मार्चमधली, आणि मार्च म्हटल्यावर निवृत्तीच्या कानात 'धावायचं' हा शब्द वाजायला लागला.

राहिली तीन खाजगी हॉस्पिटलं. पहिलं हायवेवरचं, काचेचं, दारात कारंजं. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "रूम कुठली घेणार सर?"

"आधी बेंबीचं तर सांगा."

"आधी रूम सांगा सर, मग बेंबी."

म्हणजे टाके तेच, दोरा तोच, पण पोरगी कुठल्या खाटेवर निजणार त्यावर टाक्याचा भाव. खोलीला सोफा असला तर कापायचे पैसे वाढतात, हे निवृत्तीला परचेसच्या कुठल्याही तत्त्वात बसवता येईना. साधारण खोलीला शहाण्णव हजार. त्यानं सवयीनं विचारलं, "यात सगळं आलं ना? नंतर पॅकिंग-फॉरवर्डिंग काही?" पोरानं संगणकात बघून सांगितलं, की पॅकिंग नाही, पण पट्टीचे वेगळे.

मग त्यांना सर्जन बाईंकडं पाठवलं. डॉक्टर अमृता. पंचेचाळिशीच्या, खादीचा कुर्ता, डोळे जरा पेंगुळलेले, बोलणं एकदम हळू. त्यांनी समीक्षाची बेंबी बघितली आणि काही विचारायचंय का, असं तिलाच विचारलं. आजवर कुणी तिला असं विचारलं नव्हतं.

समीक्षानं जरा विचार केला. "मला झोपवल्यावर माझ्याबरोबर झोपेत कोण येतं?"

डॉक्टर अमृतांनी पेन खाली ठेवलं. "तू खंडाळ्याचा बोगदा बघितलायस?"

"हो. गाडी आत गेली की काळोख होतो."

"तसंच. बोगद्याच्या अलीकडच्या टोकाला मी तुझा हात सोडते. पलीकडच्या टोकाला पुन्हा धरते."

"आणि मध्ये?"

"मध्ये मी काम करत असते. तू नुसतं जायचं."

समीक्षानं मान डोलावली.

दुसरं हॉस्पिटल तळेगाव स्टेशनजवळचं. लिफ्ट बंद, म्हणून तीन जिने चढून जायचं. भाव चौपन्न हजार. पडदा सरकवून आत गेले तर समोर खादीचा कुर्ता. निवृत्तीला वाटलं, झोप नसल्यानं आपल्याला भास होतोय.

"बाबा, ह्या त्याच मावशी," समीक्षा कुजबुजली. डॉक्टर अमृता एवढ्या पेंगल्या होत्या, की त्यांच्या काही लक्षात आलं नसावं. त्यांनी बेंबी नव्यानं बघितली आणि काही विचारायचंय का म्हणून विचारलं. समीक्षानं तोच प्रश्न विचारला. उत्तर तेच आलं, बोगद्यासकट.

तिसरं लोणावळ्याचं, एका ट्रस्टचं. काळ्या दगडाची बैठी इमारत. घोरावाडीला लोकल पकडली, गाडी मळवलीच्या पुढं गेली तसा बाहेरचा सगळा मुलूख ढगात गेला. रस्त्याकडेला सोनकी पिवळीजर्द फुललेली, ती तेवढी दिसायची आणि पुन्हा पुसली जायची. हॉस्पिटलात ढग सरळ व्हरांड्यातून आत येत होता आणि केसपेपरच्या खिडकीशी रांगेत उभं राहिल्यासारखा थांबत होता. भाव एकतीस हजार. खोलीचं दार ढकललं आणि निवृत्तीनं डोळे मिटून घेतले. आत कोण असणार ते त्याला आता कळलं होतं.

समीक्षानं तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. तिसऱ्यांदा तेच उत्तर मिळालं. बाहेर आल्यावर राजेश्वरीनं तिला विचारलं, "सारखं सारखं काय तेच विचारतेस?"

"बाबा पण तीनदाच विचारतो की," समीक्षा म्हणाली. "मला तिन्हीकडं सेमच मिळालं."

निवृत्तीला मात्र ते भाग्य नव्हतं. तिघींना... छे, तिन्हीकडं एकच बाई, आणि भाव एकतीस, चौपन्न, शहाण्णव. परचेसमध्ये एकाच माणसानं तीन लेटरहेडवर तीन कोटेशनं दिली, तर त्याला रिंग म्हणतात आणि तसल्या व्हेंडरला काळ्या यादीत टाकतात. निवृत्तीनं स्वतः एका बोल्टवाल्याला टाकलं होतं. तो बायकोपोरीला बाकावर बसवून पुन्हा आत गेला. त्याचा आवाज जरा चढला होता.

"मॅडम, तुम्ही एकच. ऑपरेशन एकच. मग फरक कशाचा?"

डॉक्टर अमृतांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "फरशीचा," त्या म्हणाल्या. "माझी फी तिन्हीकडं थोडीफार इकडं-तिकडं. बाकी एसी, लिफ्ट, कारंजं. सोमवारी हायवेला, बुधवारी तळेगावला, शुक्रवारी इथं असते मी."

"मग चांगलं कुठलं?"

"लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर तिन्हीकडं चांगले आहेत. मी बघून घेतलेलं आहे, नाहीतर मी गेलेच नसते. पोरीला काही फरक पडायचा नाही." त्यांनी जांभई आवरली. "तुमचं बघा. तुम्हाला जिथं झोप लागेल, तिथं करा."

बोलायची रीत असते. दुसरा कोणी माणूस हसून, नमस्कार करून निघून आला असता. पण निवृत्ती परचेसचा. पार्टीनं स्पेसिफिकेशन दिलं, की ते तपासून घ्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं पुढच्या आठवड्यात तीन हाफ-डे टाकले आणि तिन्ही हॉस्पिटलांत झोपून बघायचं ठरवलं.

कारंज्याच्या हॉस्पिटलात सोफा असा, की बसलं की माणूस आत जायचा. निवृत्तीनं डोकं मागं टेकवलं, डोळे मिटले, आणि पाच मिनिटांत गणवेशातला रखवालदार आला.

"पेशंट कोण, सर?"

"अजून नाही कोणी."

"मग आपण?"

"मी झोप लागते का बघतोय."

रखवालदारानं वॉकी-टॉकीवर कुणालातरी सांगितलं. एक टापटीप बाई आल्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि अतिशय मायेनं म्हणाल्या, की झोप न लागणं हा फार दुर्लक्षित आजार आहे, आणि रात्रभर डोक्याला वायरी लावून तपासणी करायचं पॅकेज सध्या चौदा हजारांत आहे. निवृत्ती माहितीपत्रक घेऊन बाहेर आला. कंपॅरेटिव्हमध्ये ते कुठं लिहावं हे त्याला कळेना.

तळेगावच्या हॉस्पिटलात लोखंडी खुर्च्या, प्रत्येकीला हात. तिथं जरा डोळा लागतोय तेवढ्यात एक घाईतला गृहस्थ आला, "दोन मिनिटं धरा हो, गाडी नीट लावून येतो," असं म्हणाला आणि निवृत्तीच्या हातात एक कोमट बाटली देऊन गेला. ती कसली होती ते सांगायला नको, लॅब समोरच होती. पाऊण तास तो ती बाटली सरळ धरून बसला. तसल्या अवस्थेत कोणालाही झोप लागणार नाही, त्यात हॉस्पिटलाचा दोष नाही, हे त्यानं प्रामाणिकपणे कागदावर नोंदवलं.

लोणावळ्याला तो शुक्रवारी दुपारी पोचला. व्हरांड्यात लांबलचक लाकडी बाक, लोकांनी बसून बसून गुळगुळीत केलेला. खिडकीची एक काच नव्हती, तिथनं ढग आत येऊन बाकाखालून निघून जात होता. फिनेलचा आणि चहाचा वास. पलीकडं अंबूबाई म्हणून एक म्हातारी आया कापसाचे बोळे करत बसली होती.

"कुणाचं हाय?" तिनं विचारलं.

"पोरीचं. बेंबीचं. दिवाळीत."

"मग आत्ता कशापायी आलाव?"

"झोप लागते का बघायला."

अंबूबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. "लागंल की," ती म्हणाली. "लय जागलेलं माणूस येतंय हितं. टेका पाठ."

त्यानं पाठ टेकली. महिन्याभराची झोप कुठं दबा धरून बसली होती देव जाणे. त्याला स्वप्न पडलं. पवनेचं पाणी, आणि पाण्यावर आईचा रुपया, खळ्याएवढा मोठा. आई तो झाडूनं झाडत होती. मधोमध एक तान्हं बाळ निजलेलं, बेंबी वर करून. ते आपण का समीक्षा हे त्याला ओळखू येईना. आईनं झाडता झाडता बाळाच्या पोटावर तळहात ठेवला आणि म्हणाली, मला बी लय भ्या वाटलं व्हतं. एवढंच. मग ती पुन्हा झाडायला लागली, आणि ढग आला, आणि पाणीही दिसेना.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते. अंगावर धोब्याचा नंबर घातलेलं कांबळं होतं, बूट कुणीतरी काढून बाकाखाली जोडीनं लावले होते. गाडी केव्हाच गेली होती. फोनवर राजेश्वरीचे अकरा कॉल.

घरी पोचल्यावर ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिनं त्याला ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला भाव नकोच आहेत. तुम्ही घाबरलाय."

निवृत्तीनं घास हातातच धरला. "हो," तो म्हणाला.

"मग एवढंच सांगायचं ना. मी काय एकटीनं घाबरायचं? महिनाभर मी वाट बघतेय, हा माणूस कधीतरी बोलेल म्हणून." तिचे डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत. "तारीख घ्या आता. कुठलीही घ्या."

त्यानं लोणावळ्याची घेतली. भाऊबिजेनंतरचा शुक्रवार.

त्या दिवशी सगळी वरात लोकलनं निघाली. कस्तुराबाई तर होतीच, पण भिमाजी भाऊही फाटकावरची जुनी शिट्टी खिशात टाकून आले होते, वेळ पडली तर असावी म्हणून. समीक्षा उपाशी होती आणि तरी खिडकीशी बसून गाणं म्हणत होती. थंडी पडली होती, धुकं रुळांवर बसून राहिलं होतं. दवाखान्यात नर्सबाईंनी तिच्या अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. कानातलं निघालं. मग मुठीतनं रुपया निघाला.

"हे काय?" नर्सबाईंनी विचारलं.

"एल-वन," निवृत्ती म्हणाला, आणि तो रुपया स्वतःच्या मुठीत घेतला.

डॉक्टर अमृता दारापर्यंत आल्या. समीक्षानं या वेळी काही विचारलं नाही. तिनं नुसता हात पुढं केला, त्यांनी तो धरला, आणि दोघी शाळेत निघाल्यासारख्या आत गेल्या. दार लागलं. कस्तुराबाई दाराकडं बघत भिंतीला टेकून खाली बसली. राजेश्वरी उभी राहिली. भिमाजी भाऊ येरझाऱ्या घालायला लागले.

निवृत्ती बाकावर बसला. आज काही झालं तरी झोपायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. बापाला शोभत नाही ते. जागं राहायचं म्हणून त्यानं खिशातून कंपॅरेटिव्हचा कागद काढला. तीन हॉस्पिटलं होती, खोडलेलं वासरू होतं, आई होती. फक्त शेवटचा रकाना कोरा राहिला होता. एल-वनला का डावललं ते लिहायचं होतं. त्यानं पेन उघडलं, खिडकीतून येणाऱ्या धुक्याकडं एकदा बघितलं आणि लिहायला लागला, 'येथे झोप ला'.

पुढचं लिहून झालं नाही. पेन तसंच कागदावरनं खाली घसरत गेलं. पहिल्यांदा भिमाजी भाऊंना वाटलं, कुठंतरी पंप चालू झालाय. मग सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "अवो, पोरगी आत हाय आन् ह्यो घोरतोय," असं म्हणून भाऊ त्याला हलवायला गेले, तर भिंतीशी बसलेली कस्तुराबाई म्हणाली, "निजू द्या त्येला. लय दिसांनी निजलाय." तेव्हा भाऊही बसले, आणि पाच मिनिटांत तेही पेंगायला लागले. अंबूबाईनं दोन कांबळी आणली.

पाऊण तासानं दार उघडलं. सगळं नीट झालं होतं. चाकांच्या गाडीवर समीक्षा, तोंड सुकलेलं, डोळे अर्धे उघडे, आणि तिचा हात डॉक्टर अमृतांच्या हातात. तिनं आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं.

"बाबा कुठंय?"

राजेश्वरीला रडू आणि हसू एकदमच आलं. तिनं बाकाकडं बोट दाखवलं. समीक्षानं मान वळवून बराच वेळ त्याच्याकडं बघितलं.

"तो बोगद्यात आहे," ती जड जिभेनं म्हणाली. "मला तिकडं न्या."

गाडी बाकाला लावली. तिनं डॉक्टरांचा हात सोडला आणि निवृत्तीची मूठ धरली. मुठीत रुपया होता. निवृत्तीनं डोळे उघडले. समोर पोरगी होती, आणि आपण कुठं आहोत हे त्याला क्षणभर कळलं नाही.

"आलास का बाहेर?" समीक्षानं विचारलं.

"आलो," तो म्हणाला, आणि मग तो सगळ्यांदेखत रडला. भिमाजी भाऊंनी दुसरीकडं बघितलं.

संध्याकाळी घरी निघताना कस्तुराबाईनं हात पसरून आपला रुपया परत घेतला. काम झालं की परत, असंच ठरलं होतं. लोकलमध्ये आईच्या मांडीवर पडल्या पडल्या समीक्षाला तो कागद सापडला. ती पहिलीतली, एकेक अक्षर लावून वाचायची.

"ये, थे, झो, प, ला," तिनं वाचलं. "बाबा, पुढं काय?"

निवृत्तीनं पेन काढून तिच्या हातात दिलं. गाडी हलत होती. तिनं जीभ बाहेर काढून, रकान्याच्या रेघेबाहेर जात, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गली'.